बिरूआप्पांचा डूख

आमच्या शाळेच्या भिंतीवर ‘क्षमा हे वीराचं भूषण’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. बिरूआप्पा कोळपे शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे ते वाक्य त्यांच्या कधी वाचनात आलं नाही. आलं असतं, तर ‘मार खाल्लेल्या कुणीतरी लिव्हलंय’ असं म्हणून ते पुढे चालू लागले असते. मी आयुष्यात पुष्कळ क्षमाशील माणसं पाहिली. त्यांतल्या निम्म्यांची नावंही आता आठवत नाहीत. आप्पा मात्र डोक्यातून जात नाहीत.

मी दौंडला रेल्वेच्या स्टोअरमध्ये कारकून होतो आणि तिथल्या फुटबॉल क्लबचा चिटणीस होतो. चिटणीस व्हायला फुटबॉल कळावा लागत नाही, अर्ज लिहिता यावे लागतात. कळायचा तो आप्पांना. आप्पा लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. पाच फूट उंची, खाली धोतर, वर रेल्वेचा खाकी कोट, आणि खांद्यावर ऊन असो की थंडी, काळं घोंगडं. सामन्याच्या दिवशी सकाळी ते अनवाणी मैदानात उतरायचे आणि पत्र्याच्या डब्यातून चुन्याची फक्की मारायचे. दोरी न लावता. रेघ सरळ यायची. मी एकदा हौसेनं दोरी घेऊन गेलो, तर म्हणाले, “चिटणीस, ही दोरी घरी न्या, कापडं वाळत घाला.”

फुटबॉलशी त्यांची गाठ पडली तीसुद्धा सुडातून. ते मूळचे वरवंडचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. पोरवयात ते कळप घेऊन रेल्वेच्या मैदानाच्या कडेनं चालले होते, तेवढ्यात एक कोकरू खेळात घुसलं आणि गोलकीपरनं त्याला लाथ घातली.  संध्याकाळी बॉल कडेला पडला, तो आप्पांनी घोंगड्यात गुंडाळला आणि वरवंड गाठलं. “चार दिस रेल्वेचा खेळ बंद पाडला,” हे ते छाती फुगवून सांगायचे. पण त्या चार दिवसांत भावंडांबरोबर त्यांनीही तो बॉल माळावर लाथाडला, खेळाची गोडी लागली, आणि पाचव्या दिवशी आप्पा तो परत द्यायला आले ते दौंडचेच होऊन राहिले. त्या गोलकीपरला त्यांनी माफ केलं का, असं मी विचारलं होतं. “बाल दिला परत. माफीचं कुठं काय बोलणं झालं?”

मैदानात त्यांची जागा ठरलेली होती. बरोबर मधल्या रेघेवर, कडेला, घोंगडं अंथरून. तिथून ते ओरडत नसत, टाळ्या वाजवत नसत. बॉलकडेसुद्धा फारसं बघत नसत, खेळणाऱ्यांचे पाय बघत. “गोल झाल्यावं आंधळ्यालाबी कळतो. हुयाच्या आदी कळाया पायजे,” म्हणायचे. आणि त्यांना कळायचा. शेजारी बसलेल्याच्या मांडीवर हळूच थाप पडायची आणि पुढच्या क्षणी जाळं हलायचं. त्या मैदानावर आपल्या देखत न झालेला एकही गोल नाही, असं ते सांगायचे. पंचवीस वर्षांपूर्वीचा गोल कुणी कुठल्या पायानं मारला, आधी बॉल कुणाकडे होता, वारा कुठून होता, सगळं तोंडपाठ. बायकोचं श्राद्ध कधी ते मात्र सुनेला विचारायचे.

जसे गोल ध्यानात, तसे अपमानही ध्यानात. शिरूरचे एक गुरुजी पंच म्हणून यायचे. त्यांनी एकदा आमचा चांगला गोल ऑफसाइड म्हणून नाकारला. आम्ही शिव्या देऊन मोकळे झालो आणि विसरलो. गुरुजींची इनामगावला घोड नदीकाठी शेती होती. आमच्या भागात उन्हाळ्यात रानात मेंढरं बसवतात; रात्री कळप शेतात बसला की लेंड्यांचं खत पडतं, त्यापायी शेतकरी धनगरांची वाट बघत असतात. आप्पांचे चुलतभाऊ अजून कळप राखायचे. आप्पांनी त्यांना निरोप धाडला. तीन वर्षं गुरुजींच्या रानाला कळपांनी वळसा घातला. शेजारच्या रानात मेंढरं, पलीकडच्या रानात मेंढरं, गुरुजींच्या रानात लेंडी नाही. शेवटी गुरुजी एसटीनं दौंडला आले, आप्पांच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, “आप्पा, ऑफसाइड नव्हता.”

आप्पांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. “आता कसं! आवो, येवढंच म्हनायचं हुतं, तीन वर्सं घातली की राव तुमी.” पुढच्या आठवड्यात दोन कळप इनामगावला पोचले.

मला हे सगळं फार आवडायचं. माझ्या अंगात ती धमक नाही. साहेबानं झापलं तर मी घरी येऊन भाजीत मीठ कमी म्हणून ओरडतो. आप्पा योग्य माणसावरच राग काढायचे, आणि त्यासाठी थांबायचे. “सूड म्हंजी लोकर कातरनं. घाई किली का कातडं निघतं,” हा त्यांचा मंत्र होता.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी क्रिकेटच्या सामन्यांत टीव्हीवर गोऱ्या मुली चंदेरी गोंडे घेऊन नाचायला लागल्या. शिरूरकडचे एक भाऊसाहेब होते. कारखान्यांना ट्रक आणि कामगार पुरवायचे, आणि त्यांना निवडणुकीचे वेध लागलेले. वडिलांच्या नावानं त्यांनी आमच्या मैदानावर फुटबॉलचा चषक ठेवला आणि चिटणीस या नात्यानं मला बोलावून म्हणाले, “ह्या वर्षी चिअरलीडर आणायच्या. अमेरिकेत आसतंय तसं. पब्लिक तुटून पडंल.” मी नाही म्हणायला हवं होतं. मी अर्ज लिहिला.

पब्लिक खरंच तुटून पडलं. ज्यांनी जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता ती माणसं वडगाव रासाईहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून आली. मधल्या रेघेजवळ स्टेज बांधलं होतं. अमेरिकेतल्या म्हणून जाहीर केलेल्या सहा मुली पिंपरीच्या एका डान्स क्लासमधून आल्या होत्या. आखूड झगे, पांढरे बूट, हातात झिरमिळ्यांचे गोंडे. त्यांनी पाय उचलला की शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं जायचं. कॉलेजची पोरं झाडावर चढली. म्हातारी माणसं ‘श्शी श्शी’ करत पुढं सरकली. रेल्वे कॉलनीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या, त्यांतली एक म्हणाली, “पोरींनी काय खाल्लं आसंल का सकाळपासनं?” सबंध मैदानात एवढी एकच माणुसकीची प्रतिक्रिया मी ऐकली. बॉल बाहेर गेला की तो आणून द्यायला कुणी उठेना. आमच्या स्वतःच्या गोलकीपरनं स्टेजकडे बघत असताना गोल खाल्ला, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटलं नाही.

आप्पा त्यांच्या जागेवर बसले होते. म्हणजे स्टेजच्या बरोबर पुढ्यात. मध्यंतराला भाऊसाहेबांनी माईक घेतला. “आप्पा, जरा बाजूला सरका. पोरी दिसंनात लोकांना.”

“लोकं बाल बघाय आल्यात,” आप्पा जागचे हलले नाहीत.

“आसं व्हय? मग लोकान्लाच इचारू की.” भाऊसाहेब मैदानाकडे वळले. “काय बघायचंय रं?”

“पोरीऽऽ!” सगळं मैदान ओरडलं. त्यात आमची रोजची माणसं होती, ज्यांच्या मांडीवर आप्पांची थाप पडायची तीसुद्धा होती. मग कुणीतरी पुकारा केला, “आप्पाला नाचवा!” आणि तोच सूर सगळ्यांनी धरला.

भाऊसाहेबांच्या दोन कार्यकर्त्यांनी आप्पांना घोंगड्यासकट उचललं आणि स्टेजवर ठेवलं. माईकवरून हुकूम सुटला, “त्यांच्या हातात द्या गं एक!” एका मुलीनं ओशाळून आपला गोंडा आप्पांच्या हातात दिला. गाणं लागलं. आप्पा गोंडा धरून तसेच उभे राहिले. मी त्याच स्टेजवर, छातीला बिल्ला लावून, खुर्चीत बसलो होतो. मी हसलो. सगळे हसले म्हणून हसलो, हे कारण मी नंतर आप्पांना सांगायला गेलो, पण त्यांनी ते ऐकून घेतलं नाही.

तेवढ्यावर भागलं असतं, तरी एक वेळ ठीक. पण भाऊसाहेबांच्या व्हिडिओवाल्यानं सगळं टिपलं होतं. आठवडाभर ते गावच्या केबलवर दाखवलं गेलं, आप्पांच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबवून. आप्पांच्या सुनेनं टीव्ही बंद केला, शेजारच्या घरातून आवाज येतच राहिला. बाजारात आप्पा दिसले की पोरं प्लॅस्टिकच्या पिशव्या हलवून नाचायची. ज्या माणसासमोर पंचसुद्धा जपून शिट्टी वाजवायचे, त्याची अशी शोभा केली. मला अजून त्या दिवसाचा राग येतो, आणि त्या रागात माझा स्वतःचा वाटा मोठा आहे.

आप्पा माझ्याशी आठ महिने बोलले नाहीत. फक्की मारायला मात्र यायचे. मी उभा असेन तिथपर्यंत रेघ आली की थांबायचे, मी बाजूला झालो की पुढची रेघ ओढायचे.

नवव्या महिन्यात ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

“चिटणीस, औंदा त्या पोरी येनार हायत का?”

“येणार आहेत, आप्पा. भाऊसाहेबांनी सांगितलंय.”

“येऊंद्या. पोरींचं काय न्हाई, त्या पोटासाठी नाचत्यात. मला मध्यंतराची पंधरा मिंटं पायजेत. मैदानाची समोरची बाजू. तेवढी परवानगी तुमी काढायची. मागल्या साली हसला हुता, ते ह्याच्यात फिटलं.”

ते काय करणार, हे मी विचारलं नाही. अर्ज लिहिला.

त्यांचा बेत साधा होता. भाऊसाहेबांनी मैदानाला विचारलं होतं काय बघायचंय, आणि मैदानानं आप्पांकडे पाठ फिरवली होती. आता त्याच मैदानाची पाठ भाऊसाहेबांकडे करायची. त्यासाठी त्यांनी वरवंडची गजी मंडळी बोलावली होती. गजी म्हणजे आमच्याकडच्या धनगरांचा नाच. पायघोळ घेरदार झगे, डोक्याला पटके, हातात रंगीत रुमाल, मधे ढोल आणि भोवती गोल धरून नाचणारे पुरुष. त्यांचे मुख्य म्हाळूमामा, आप्पांचे मामेभाऊ, आप्पांहून मोठे. मामांची एक अट होती. ते तमाशासाठी ढोल बांधत नसत. ढोलाला भंडारा लावायचा, बिरोबाचं नाव घ्यायचं, किती फेरे ते देवाला बोलायचं, आणि मग बोललेले फेरे पुरे झाल्याशिवाय ढोल भुईला टेकवायचा नाही. ज्यानं फेरे बोलले त्यानंही गोलातून बाहेर पडायचं नाही. आप्पांना हे लहानपणापासून ठाऊक होतं. तीन फेऱ्यांना पंधरा मिनिटं लागतात, हेही त्यांनी आधी धरून ठेवलं होतं.

अंतिम सामना आमचा आणि भाऊसाहेबांनीच पोसलेल्या शिरूरच्या संघाचा. मध्यंतरापर्यंत गोल नाही. शिट्टी झाली, मुली स्टेजवर आल्या, गाणं सुरू झालं, पोरांनी शिट्ट्या घातल्या. तेवढ्यात समोरच्या बाजूनं पंचवीस पटके मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. आप्पा पुढे होते, घोंगडं न घेता, पांढऱ्या झग्यात. त्यांना तशा वेषात मी प्रथमच पाहत होतो.

भाऊसाहेबांना ते दिसलं. त्यांनी माईक उचलला. “आरं वा! आप्पा औंदा सवताच नाचायला आलं! गोंडा पाठवू का, आप्पा?”

मैदान हसलं. आप्पांनी भंडाऱ्याची मूठ भरली. मी जवळच होतो, त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. “बिरोबाच्या नावानं चांगभलं!” म्हणून त्यांनी भंडारा ढोलावर उधळला आणि ओरडले, “नऊ फेरे!”

म्हाळूमामांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. “बिरू, तीन म्हनला हुतास.”

“नऊ!”

देवाला बोललेलं परत घेता येत नाही. मामांनी मान डोलावली आणि ढोलावर टिपरू पडलं.

ढोलाचा आवाज छातीत घुसतो. स्टेजवरच्या लाऊडस्पीकरचं गाणं दोन मिनिटांत ऐकू येईनासं झालं. आधी ट्रॉल्यांतून आलेली माणसं उठली. ती बहुतेक धनगरवाड्यांची, त्यांचे पाय आपोआप हलायला लागले. मग झाडावरची पोरं उतरली. मग कॉलनी आली, बायका आल्या. रुमाल वर जायचे, झग्यांचे घेर फिरायचे, आणि साठी उलटलेली माणसं एका पायावर गिरकी घेऊन बसायची आणि उठायची. दुसऱ्या फेऱ्याला स्टेजसमोर एक कुत्रं तेवढं उरलं. भाऊसाहेब माईकमध्ये ओरडत होते, “मंडळी, इकडं! इकडं बघा!” कुणाची मान वळली नाही. भाऊसाहेबांच्या व्हिडिओवाल्यानंसुद्धा कॅमेरा खांद्यावर टाकून ढोलाकडे धाव घेतली. भाऊसाहेबांनी माईक खुर्चीवर आपटला आणि उंच स्टेजवर एकटेच उभे राहिले. आप्पा नाचता नाचता प्रत्येक गिरकीला त्यांच्याकडे बघून घेत होते. मला इतका आनंद झाला की मी बिल्ला काढून खिशात घातला आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो. सूड गोड असतो. नाही म्हणणाऱ्यांनी तो घेतलेला नसतो.

चौथा फेरा चालू असताना पंधरा मिनिटं संपली. मी पंचाकडे पळालो. तो पुण्याचा माणूस. म्हणाला, “उजेड जातोय. मला सामना संपवायचाय. तुमचा देव तुम्ही बघा.” त्यानं शिट्टी वाजवली. ती मला ऐकू आली, कारण मी त्याच्या शेजारी होतो. बावीस खेळाडू उतरले आणि खेळू लागले. मैदानाच्या तीन बाजू रिकाम्या, आणि चौथ्या बाजूला अख्ख्या गर्दीची पाठ.

मी गर्दीतून वाट काढत आप्पांपर्यंत पोचलो आणि ओरडून सांगितलं, “आप्पा, खेळ सुरू झाला!”

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी मान उंचावली. भोवती माणसांची भिंत. त्यांनी म्हाळूमामांकडे पाहिलं. मामांनी पाच बोटं दाखवली. पाच फेरे बाकी. आप्पा गोलातून एक पाऊल बाहेर आले, थबकले, आणि पुन्हा आत गेले. मग ते नाचत राहिले, पण भाऊसाहेबांकडे बघायचं त्यांनी सोडून दिलं. शेजारच्या नाचणाऱ्याच्या दंडावर मधेच त्यांची एक हलकी थाप पडली. काय झालं ते त्याला कळलं नाही.

मी धावत मैदानाच्या बाजूला आलो. शिरूरचा गोलकीपर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. बॉल जाळ्यात होता. आमची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून नाचत होती आणि त्यांच्याकडे बघायला कुणी नव्हतं. चषक दौंडला आला तो त्याच एका गोलानं.

नववा फेरा संपला तेव्हा सामनाही संपत आला होता. लोकांनी आप्पांना खांद्यावर घेतलं. सगळा पिवळा भंडारा, सगळा जयजयकार. आप्पा वरूनच ओरडत होते, “गोल कुणी मारला? कसा मारला?” कुणालाच सांगता येईना. मीही जाळ्यातला बॉल तेवढा पाहिला होता. मारणाऱ्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, “आप्पा, आला आन् हानला. काय आठवंना.” आप्पांनी खाली उतरवायला लावलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. वर्षभर जपलेला सूड त्यांनी पुरता घेतला होता, आणि नेमका भाऊसाहेबांच्या संघावर झालेला गोल त्यांच्या पदरात पडला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात माझी सोलापूरला बदली झाली. आप्पांना मी शेवटचं पाहिलं ते सामन्याच्या त्या संध्याकाळी. माणसं पांगली होती. स्टेजच्या कडेला पाय सोडून एक मुलगी पांढरे बूट काढत बसली होती. मागच्या वर्षी आप्पांच्या हातात गोंडा देणारी तीच. आप्पा समोरून निघाले होते. ती म्हणाली, “आजोबा, मी बघितला गोल.”

आप्पा थांबले, पण जवळ आले नाहीत.

“आमच्याकडे कुणी बघतच नव्हतं ना. मग आम्ही मॅच बघत बसलो.”

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्टेजकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. ज्या स्टेजवर आपल्याला उचलून ठेवलं, त्याच स्टेजपाशी जाऊन मागायचं. मग ते गेले, आणि तिच्याजवळ टेकले.

“डावा पाय का उजवा, पोरी?”

“डावा. बॉल बाहेर गेला होता. त्या उंच मुलानं हातांनी आत फेकला, मग बारक्यानं छातीवर घेतला...” ती गोंडे खाली ठेवून हातांनी दाखवू लागली. आप्पांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे पायांचे अंगठे मातीत हलत होते. ती थांबली तेव्हा त्यांनी डोळे न उघडता विचारलं, “भाऊसाहेबानं बघितला?”

“नाही हो. ते त्याआधीच गाडीत बसून निघून गेले.”

आप्पांनी डोळे उघडले. दिवसभरात ते पहिल्यांदाच हसले. घाम पुसून त्यांनी मांडी घातली, नीट बसले आणि म्हणाले, “मग आता पुन्यांदा सांग. सावकाश. त्यो गाडीत बसला तितनं सुरुवात कर.”